सासूची किडनी

सुताराच्या उंबऱ्यात स्टूल टाकून त्याची सासू बसली होती आणि गिरणीवाल्याला आत जाऊ देत नव्हती. ऊन डोक्यावर आलं होतं, नांगरलेल्या रानाची माती वाऱ्यानं घरात घुसत होती आणि गिरणीवाला भुवयांपर्यंत पीठ माखून अंगणात उभा होता. आजारी माणसाला भेटायला आलेल्याला दारातून हाकलणं हे माणुसकीला धरून नाही, एवढंच त्याचं म्हणणं. म्हातारीनं त्याला खोकून दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, खोकला पिठाचा आहे, रोगाचा नाही.

"मग पिठावरच खोका जाऊन," म्हातारी म्हणाली. "जावयाच्या पोटात माझी किडनी आहे. तिच्यावर मी कुणाला खोकू देणार नाही."

गिरणीवाला खिडकीशी गेला, गजांतून तब्येतीची चौकशी केली, तीनदा खोकला आणि आपला अपमान झाल्याचं घरोघर सांगत गेला.

सुताराच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा सगळं गाव हळहळलं होतं. हळहळायला रक्तगट लागत नाही. थोरल्या भावाचं रक्त जुळलं, तर त्या दिवसापासून त्याच्या पाठीत कळ यायला लागली. धाकट्याचं जुळलं, तर त्याची बायको माहेरी निघून गेली. सुताराची स्वतःची बायको द्यायला तयार होती, पण तिच्याच रक्तात साखर. शेवटी तिची आई कुणाला न सांगता एकटीच बसनं इस्पितळात गेली, तपासून आली आणि म्हणाली, माझी चालते.

या सासूजावयाचं कधी पटलं नव्हतं. त्यानं लग्नानंतर तिला एक खाट करून दिली होती, ती डुगडुगायची, आणि अकरा वर्षं ती भेटेल त्याला हे सांगत होती. परवानगी देणाऱ्या समितीनं तिला विचारलं, आजी, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का? ती म्हणाली, "माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्मायचाय. माझी लेक तरुण आहे, साहेब. तिचा नवरा जगला पाहिजे. माणूस कसाही असो."

किडनी बसली, चालू लागली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी म्हातारीला समोर बसवून समजावलं. शरीराला ही किडनी परकी वाटते, संधी मिळाली की ते तिच्यावर उठतं. म्हणून गोळ्या देऊन शरीराची लढायची ताकद आपण मुद्दाम कमी ठेवतो. पण मग बाहेरचा साधा विषाणूही जड जातो. म्हातारीनं त्यातलं शेवटचं वाक्य घट्ट धरलं. स्वतःच्या रानातले कांदे शेजारणीवर सोपवले आणि लेकीच्या दारात स्टूल टाकलं.

साडेतीन महिन्यांनी सुताराला ताप भरला. जुलाब सुरू झाले, अंगात उठून बसायचं त्राण राहिलं नाही. म्हातारीला विचार करायची गरजच पडली नाही. ती तडक गिरणीवर गेली आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर गिरणीवाल्याला असं काही बोलली, की त्यानं गिरणीचा पट्टा थांबवला. खिडकीतून खोकून माणूस मारणारा पहिलाच तू, असं ती म्हणाली. बाकीचं लिहिण्यासारखं नाही.

इस्पितळात रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आजी, हा विषाणू बाहेरून आलेला नाही. तुमच्या किडनीतून आलाय."

म्हातारीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. हा विषाणू बहुतेक माणसांच्या अंगात असतो. लहानपणी कधीतरी शिरतो आणि गुपचूप पडून राहतो, धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही नसतो. तुमच्यात तो होता, जावयात नव्हता. किडनीबरोबर तिकडं गेला. म्हणून तर तीन महिने वेगळी गोळी दिली होती, ती आत्ताच बंद केली होती. यात तुमचा दोष नाही.

म्हातारीला शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही.

पलंगावरून सुतार तिच्याकडं बघत होता. ताप होता तरी त्याच्या तोंडावर थोडं हसू आलं. "आई, तुमच्याकडून मला काही सुखासुखी मिळालंय का कधी?" तो म्हणाला. एरवी तिनं तोडीस तोड उत्तर दिलं असतं. त्या दिवशी तिनं त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसली.

विषाणूवर औषध सुरू झालं आणि शरीराला दाबणारी एक गोळी कमी केली, शरीरानंही थोडं लढावं म्हणून. दोन आठवड्यांत ताप उतरला. घरी आल्यावर म्हातारीनं स्टूल उचललं. घरभेदी आपणच, मग पहारा कुणाचा, असं तिला वाटलं. गाव याचीच वाट बघत होतं. माणसं आली, खाटेवर बसली, आपापल्या दुखण्यांची माहिती देऊन गेली. निवृत्त मास्तर एक डबा घेऊन आले. त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता आणि आता आरोग्यावर बोलत. डब्यात ताकदीचं चूर्ण होतं. म्हणाले, यानं रोगाशी लढायची शक्ती दुप्पट होते.

लेक म्हणाली, डॉक्टरांना विचारू. पण म्हातारीनं मनाशी हिशेब जुळवला होता, की बाईंनी गोळी कमी केली ती ताकद यावी म्हणूनच, मग ताकद आणखी आली तर चांगलंच. आपल्या किडनीनं केलेलं नुकसान आपल्याच हातानं भरून काढायचं होतं तिला. रोज दोन चमचे ती स्वतः कालवून पाजायची.

विसाव्या दिवशी सुताराचे पाय सुजले. लघवी कमी झाली. किडनीवर हात ठेवला की दुखायचं.

इस्पितळात जायला बसमध्ये बसताना मास्तर खिडकीपाशी आले आणि हळूच म्हणाले, चूर्णाचं तिथं काही बोलू नका, डॉक्टरलोकांना उगाच राग येतो. लेकीनंही मान डोलावली. आईला सगळ्यांसमोर बोलणी बसू नयेत, एवढंच तिच्या मनात होतं.

बाईंनी विचारलं, आमच्या गोळ्यांशिवाय काही दिलं होतं का? खोलीत दोन शिकाऊ डॉक्टर होते, नर्स होती, लेक होती. म्हातारीनं पदराखालून डबा काढून टेबलावर ठेवला.

"मी दिलं," ती म्हणाली. "त्यानं मागितलं नव्हतं. रोज दोन चमचे, वीस दिवस. आता मला काय बोलायचं ते बोला, पण आधी त्याचं बघा."

बाई खरंच बोलल्या, आणि बऱ्याच बोलल्या. मग किडनीचा कणभर तुकडा काढून तपासला. शरीर किडनीवर उठलं होतं. आधीच एक गोळी कमी, त्यात चूर्णातल्या कसल्यातरी पाल्यानं दुसऱ्या गोळीचं रक्तातलं प्रमाण पार उतरवलं होतं. डबा समोर आला नसता तर गोळी का लागू पडत नाही हे शोधण्यातच आठवडा गेला असता, आणि तेवढा वेळ किडनीकडं नव्हता. तीन दिवस शिरेतून औषध चाललं. म्हातारी तीन दिवस बाकावर होती. चौथ्या दिवशी नर्सनं लघवीची पिशवी उचलून तिला लांबूनच दाखवली, भरलेली. किडनी वाचली, पूर्वीइतकी जोमाची नाही, पण वाचली.

गावात परतल्यावर म्हातारी दळणाचा डबा घेऊन गिरणीवर गेली. रांग मोठी होती. तिनं गिरणीवाल्याला पट्टा थांबवायला सांगितलं, कारण शिव्या जशा सगळ्यांना ऐकू गेल्या होत्या तशी माफीही जायला हवी होती. ती म्हणाली, "तुझ्या खोकल्यानं काही झालं नव्हतं. विषाणू माझ्याच अंगातला होता. मी चुकले."

गेले दोन महिने गिरणीवाला गावातला सगळ्यांत घातक माणूस होता, आणि उधारीवाले घाबरून वेळेवर पैसे आणून देत होते. त्याचा चेहरा पडला. रांगेतल्या बायका मात्र म्हातारीपासून दोन पावलं मागं सरकल्या.

"सरकून काय उपयोग," म्हातारी म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेकांच्या अंगात असतो. तुमच्याही असेल."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. जिथं एरवी डब्याला डबा आणि कोपराला कोपर लागायचं, ती रांग हां हां म्हणता हातहात अंतरावर पांगली. काहीजणी पदर नाकाला लावून पार बाहेर, भर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारीच्या पुढं कुणीच उरलं नाही. तिनं आपला डबा ठेवला, गिरणीवाल्यानं पट्टा जोडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं दळण सगळ्यांच्या आधी निघालं.