बटणाचा कॅमेरा

"अर्धंच दाबा, काका. अर्धं दाबून थांबायचं. चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आली, की मग पूर्ण."

नाथाजीने बटण अर्धे दाबले आणि तो थांबला. सांगलीतल्या त्या अरुंद दुकानाच्या दारात, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात, त्याची बायको बनुबाई उभी होती. तळहाताएवढ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्याला हिरवी चौकट आली. एखादे जुने स्वप्न कुणीतरी चौकटीत बसवून हाती द्यावे, तसे त्याला वाटले.

"आवं, दाबा की. का हितंच म्हातारी हुऊ?"

"व्हायची काय ऱ्हायलीयास आता?"

बारीकसा 'टक्' आवाज झाला. बोटाखाली बटण खाली गेले आणि वर आले. नाथाजी सुखावला, कारण त्याच्या बोटांचे ऐकणारी यंत्रे आता फार उरली नव्हती. विट्याच्या पलीकडच्या त्याच्या गावात मुलगा जन्मला, की पुढे कोणत्या शहरात जाऊन तो सोने गाळणार एवढाच प्रश्न असतो. या व्यवस्थेला तिकडे कर्तबगारी म्हणतात आणि तिचे यथासांग सत्कारही होतात. मागे राहणाऱ्या बायकांसाठी मात्र भाषेने अद्याप शब्द काढण्याची तसदी घेतलेली नाही. नाथाजीने उभी हयात मदुराईत परक्यांच्या सोन्यातला मळ ॲसिडने वेगळा करण्यात घालवली. ॲसिडने सोने शुद्ध केले आणि बोटांवरच्या रेषा नेल्या. मुलाने, शिवतेजने, दिलेल्या मोबाईलची काच त्या बोटांना ओळख देईना. रेशनच्या यंत्राने तर असा इसमच नाही, असा निर्वाळा दिला. यंत्राशी वाद घालण्याची सोय अर्थातच कुठे ठेवलेली नाही.

आता मदुराईचे दुकान शिवतेजने सांभाळले होते, त्याची नवी नवरी गावी राहिली होती, आणि नाथाजी खोकला घेऊन कायमचा घरी आला होता. घरी आल्यावर त्याने एकच हौस सांगितली: बनुबाईचा एक चांगला फोटो, आणि तो स्वतःच्या हाताने काढलेला. म्हणून बटणाचा कॅमेरा.

"लोकं मोबाईल सोडून परत ह्याच्याकडं यायलीत बघा," दुकानाचा तरुण मालक ऋषिराज म्हणाला. "वडिलांच्या वेळचा माल धूळ खात पडला होता. आता कॉलेजच्या पोरी हुडकत येतात. काकू, पदर जरा मागं घ्या. कानावर सावली पडतीय."

बनुबाईने आधी नवऱ्याकडे पाहिले, मग पदर कानामागे सारला.

एकामागून एक असे तीन कॅमेरे झाले. ऋषिराजने ते काउंटरवर ओळीने मांडले. तीन छोट्या उजळ खिडक्यांतून तीन बनुबाई बाहेर पाहू लागल्या. पहिली तांबूस होती, नुकतीच चुलीपुढून उठल्यासारखी. दुसरी गोरी, नितळ, कुठेही रेघ नसलेली. तिसरी सावळी होती, आणि उन्हाने तिच्या चेहऱ्यावरचे जे जे दाखवले, ते सारे तिच्यात उतरले होते.

"सांगा की," बनुबाई हसत म्हणाली. "ह्यातली मी कंची?"

नाथाजीने क्षणाचाही विलंब न लावता दुसऱ्या कॅमेऱ्यावर बोट ठेवले. "ही."

"ह्यात चेहरा आपोआप उजळतो, काका. सगळ्यांना हेच आवडतं," ऋषिराज समाधानाने म्हणाला.

बनुबाईचे हसू ओठांवर तसेच राहिले. डोळ्यांतून मात्र ते निघून गेले. नाथाजीला ते कळले, पण त्याचे कारण कळले नाही. मदुराईच्या खोलीत, उशाच्या भिंतीवर, तिचा लग्नानंतरचा एक फोटो होता. ॲसिडच्या वाफांनी तो पिवळा होत गेला, चेहऱ्यावरच्या छटा पुसत गेल्या, आणि नाथाजी रोज झोपताना त्या पुसटपणाशी बोलत राहिला. वर्षातून एकदा यात्रेला तो गावी यायचा. दिवस भावकीत जायचा, रात्री दिवा मालवलेला असायचा. ज्या बाईबरोबर त्याने संसार केला ती भिंतीवरची होती. दुसरा कॅमेरा तिचीच खबर देत होता.

"पुन्यांदा बघा," ती हळू म्हणाली.

त्याने तिसरा कॅमेरा उचलला. ऋषिराजने चित्र मोठे करून दिले. डाव्या कानापासून गालाकडे एक जुना, पांढुरका वण उतरला होता. त्याने पहिल्यात पाहिले; तिथे तो अंधूक होता. दुसऱ्यात तो नव्हताच. यंत्राला तो दोष वाटला होता आणि त्याने तो दूर केला होता.

"ह्यो कवाचा गं?"

"शिवतेज पोटात हुता तवाचा. वादळात पत्रं उडालं न्हाई का? त्याची कड लागली. विट्याला टाकं घातलं."

"मला न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं की. शेजारच्यांच्या फोनवर. पत्रं उडालं म्हनलं." ती थांबली. "तुमी लगीच पत्र्याचं पैसं धाडलं."

 मग नाथाजीने तिसरा कॅमेरा ऋषिराजपुढे ठेवला.

"ह्यो बांधा."

"काका, आधीच सांगतो, ह्यात सुरकुत्या लय दिसतात. नंतर तक्रार नको."

"तक्रार करायची ती मी करीन," बनुबाई म्हणाली. "तू बांध गड्या."

परतीची एसटी तासगावजवळ आली होती. द्राक्षबागांवर संध्याकाळ उतरत होती. बेदाण्याच्या शेडांवरच्या हिरव्या जाळ्यांतून झिरपलेला उजेड गाडीत येई, माणसांच्या तोंडांवरून पाण्यासारखा सरके आणि निघून जाई.

"बनु, हिकडं बघ."

"पेटीतनं कॅमेरा काढला बी न्हाईसा, आन् फोटो कशाचा काढताय?"

"ऱ्हाऊ दे पेटीत. हिकडं बघ."

पुढच्या बाकावरची बाई वळून पाहू लागली. बनुबाईने तिच्याकडे दुर्लक्ष केले. ती खिडकीकडून वळली, मान ताठ केली आणि दुकानात उभी होती तशीच, पापणी न हलवता, बसून राहिली. उजेड आला, गेला, पुन्हा आला. तासगाव मागे पडले तरी नाथाजी पाहतच होता, आणि ती हलली नाही.