सातची बाटली

मी पीएच मीटर बोलतोय. पाण्यात आम्ल किती, तेवढं मी सांगतो. सात म्हणजे बिनधोक. आकडा खाली जाईल तसं पाणी कातडी सोलतं. खोटं बोलायची सोय माझ्यात नाही. ती माणसांत असते, आणि वयाबरोबर वाढते.

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या एका पर्यावरण सल्लागाराकडे मी आठ वर्षं काढली. मालक राघोत्तमराव, तंजावरचे मराठी. पर्यावरण दिनाला त्यांचं भाषण ठरलेलं. कारखाने नियमात बसवून द्यायचे हा धंदा. कारखाना बसला नाही, तर आकडा बसवायचा.

जूनमध्ये नाशिकहून ऊर्मी आली. पहिली नोकरी, सहा महिने प्रोबेशन. नद्या वाचवायला आली होती बिचारी. मला रोज धुवायची, हळूच टिपायची. इतक्या वर्षांत तेवढं कुणी केलं नव्हतं.

नोव्हेंबरात धातूंना मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात तिने मला सांडपाण्याच्या टाकीत बुडवलं. मी म्हणालो, १.९.

"कोंजम अ‍ॅडजस्ट कर, पाप्पा," राव म्हणाले. म्हणजे जरा जुळवून घे, पोरी.

तिला वाटलं, मीटर अ‍ॅडजस्ट करायचा. तासभर खपून तिने मला प्रमाण द्रावणांत, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेल्या पाण्यांत, तपासलं, पुन्हा टाकीत सोडलं. १.९.

"सर, मीटर एकदम बरोबर आहे."

"एवढी शिकलीस, अ‍ॅडजस्ट नाही शिकवलं कॉलेजात?" राव हसले. त्यांनी मला सातच्या प्रमाण द्रावणाच्या बाटलीत खुपसलं, आकड्याचा फोटो काढला. "सही कर. या महिन्यात तुला कन्फर्म करायचंय ना?"

तिने सही केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या सहीच्या भरवशावर दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या मुरली या सफाई कामगाराला टाकी साफ करायला उतरवलं. अनवाणी. वर आला तेव्हा पायांची सालं निघत होती.

चौकशीत राव म्हणाले, "मीटर म्हातारा झालाय." स्वतः साठीचे. ऊर्मीने खाली मान घालून लिहून दिलं, मीटर सदोष. आठवड्यात ती कन्फर्म झाली. आईबापांनी फोनवर देवाचे आभार मानले. पोरीने काय केलं, ते विचारलं नाही.

मी भंगाराच्या खोक्यात आहे. माझी काच ओली ठेवावी लागते, ती सुकतेय. पूर्ण सुकली की मी खरंच बिघडेन, आणि यांचं म्हणणं खरं ठरेल. म्हणून लवकर करा. त्या टाकीचं बादलीभर पाणी आणा. मला बुडवा, आकडा मुरलीला वाचून दाखवा. मग रावांना म्हणा, सातच आहे, सोडा पाय आत. बादली ऊर्मीला धरू द्या.