फेन्ना साधारण किती लांब असते

कॅमेरा कुठला घ्यावा यावर वीगर पोस्टमाने जेवढा विचार केला, तेवढा त्याने लग्न करताना केला नव्हता, आणि घटस्फोट घेताना तर मुळीच नाही. ग्राहकांसाठीच्या मासिकाचे जुने-नवे अंक आठवडेच्या आठवडे त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलेले असत. जेवणाच्या ताटलीला जागा मिळायची ती खिडकीच्या कडेवर. त्या काळी फोनमधून काढलेला फोटो म्हणजे धुक्यातली गाय. त्यामुळे कॅमेरा घ्यायचाच होता, प्रश्न फक्त कुठला एवढाच होता.

एकीकडे छोटे कॉम्पॅक्ट: शर्टाच्या खिशात मावणारे, स्वस्त, पटकन सुरू होणारे. दुसरीकडे सुपरझूम: पुढे नळकांडं असलेले, जड, पण तीसपट लांबचं ओढून आणणारे. मासिकाचा कौल दर वेळी एकच असे. घरगुती फोटोंसाठी कॉम्पॅक्ट पुरेसा आहे, उगाच ओझं वाढवू नका. वीगरलाही ते पटलं होतं. तो कॉम्पॅक्टच घेणार होता, तेवढ्यात मरीटचा फोन आला.

"फेन्नाच्या पोहण्याच्या ए डिप्लोमाची तारीख लागली," ती म्हणाली. "पण काठावरच्या बाकावर एका मुलामागे दोनच माणसं बसू देतात. बाकीच्यांनी वर गॅलरीत बसायचं. आता तूच सांग. दर बुधवारी तिला पोहायला रूलोफ नेतो. ओले टॉवेल तोच पिळतो. त्याला कसं सांगू वर बस म्हणून?"

"छे छे, बरोबरच आहे तुझं," वीगर म्हणाला.

हे त्याचं ठरलेलं वाक्य. याच वाक्यावर त्यांचा संसार इतकी वर्षं चालला होता, आणि शेवटी याच वाक्याला कंटाळून मरीट रूलोफकडे राहायला गेली होती. रूलोफ भांडायचा, दारं आपटायचा, मग हसायचा. माणूस वाईट नव्हता. वीगरला त्याचा राग यायचा तो मुख्यतः याच कारणाने.

मग फोन फेन्नाने ओढून घेतला. ती सहा वर्षांची होती. "पापा, अंगात कपडे आणि पायात बूट घालून पोहायचंय! आणि ते भोक आहे!"

भोक म्हणजे पाण्याखाली ताणलेल्या ताडपत्रीतलं भोक. बुडी मारून त्यातून पलीकडे निघायचं, तेव्हा डिप्लोमा. घरापासून चार पावलांवर कालवा असलेल्या गावात हे न येणारं मूल म्हणजे आईबापांच्या जिवाला घोर. फेन्नाला पाण्याचं भय नव्हतं, भोकाचं होतं. गेल्या उन्हाळ्यात तळ्यावर वीगरने छातीभर पाण्यात उभं राहून तिच्यापुढे प्लॅस्टिकची रिंग धरली होती, ओठ निळे पडेपर्यंत. शेवटी ती एका अटीवर तयार झाली. पलीकडे बाहेर आलं की पहिल्यांदा पापाचा वर केलेला हात दिसला पाहिजे.

"मी वर आले की तुझ्याकडे बघणार. हात वर करशील ना?"

"करीन."

"विसरशील तू."

"नाही गं विसरत, बाई."

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. दुकानदार पोरसवदा होता, पण भला होता. त्याने दोन्ही कॅमेरे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. "मुलीचे फोटो काढायचेत ना? मग हा छोटाच घ्या. घरात, वाढदिवसाला, सगळे चौकटीत मावतात. मोठा कॅमेरा लांबच्यासाठी. पक्षी वगैरे." मग त्याने सहज विचारलं, "तुमची मुलगी साधारण किती लांब असते?"

वीगरने मनातल्या मनात हिशेब केला. एकाआड एक शनिवार-रविवारी ती त्याच्या मांडीवर असायची. बाकीचे दिवस ग्रोनिंगन शहरात, एका चांगल्या माणसाच्या घरात.

"लांब असते," तो म्हणाला, आणि त्याने मोठा घेतला.

पुढचे पंधरा दिवस त्याने सराव केला. कालव्यापलीकडच्या छपरावरचा बगळा टिपला. चर्चच्या घड्याळाचा काटा टिपला. मग समोरच्या घरातल्या बाई ड्रेंट यांच्या खिडकीतलं जिरेनियमचं फूल टिपलं, तर त्याच्या मागे स्वतः बाई ड्रेंट कॉफी पिताना तीसपट मोठ्या दिसल्या, आणि त्या थेट त्याच्याकडेच बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पडदे ओढले. त्या गल्लीत दिवसाढवळ्या पडदे कुणी ओढत नसे. लपवण्यासारखं काही आहे असं लोकांना वाटतं. आठवडाभर गल्लीत चर्चा चालली ती बाई ड्रेंट यांचीच.

डिप्लोमाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. कालव्यावर बर्फाची साय धरली होती. बस होती, शेजाऱ्याने गाडीचंही विचारलं होतं, पण वीगर स्टेशनपर्यंत सायकलने गेला, ग्रोनिंगनला उतरून भाड्याच्या सायकलने पोहण्याच्या तलावापर्यंत गेला, आणि दोन्ही वेळा कॅमेरा हँडलवरच्या पिशवीत गार वाऱ्यात होता. थंडीत सायकल न चालवणारा माणूस खचलेला असतो, अशी त्याची ठाम समजूत होती.

दारात त्याने बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या चढवल्या आणि जिना चढून तो गॅलरीत पहिल्या रांगेत जाऊन बसला. आत दमट, ऊबदार हवा, क्लोरीनचा वास, पोरांचा गलका. खाली बाकावर मरीट आणि रूलोफ. रूलोफने पँटच्या खिशातून पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्पॅक्ट काढला, तोही दोन वर्षं जुना. वीगरला मनातून बरं वाटलं. त्याने आपलं यंत्र गळ्यात अडकवलं. शेजारी बसलेली एक आजी जरा सरकून बसली.

काठावर पोरांची रांग लागली, अंगावर लांब बाह्यांचे शर्ट आणि विजारी, पायात बूट. फेन्नाने लाल स्वेटर घातला होता. ती मान वर करून गॅलरी धुंडाळत होती. वीगरने कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं, नळकांडं सरसर बाहेर आलं, आणि समोर पांढरंफटक दिसलं.

आधी त्याला वाटलं, झूम जरा जास्त झाला. मग लक्षात आलं की गार काचेवर वाफ धरली आहे. त्याने खिशातून मोठा पांढरा रुमाल काढला आणि काच पुसली. एक क्षण स्वच्छ दिसलं. त्याने घाईघाईने बटण दाबलं, तर फोटो आला पोहायला शिकवणाऱ्या बाईंच्या शिट्टीचा. इतकी सुंदर, लखलखीत शिट्टी मासिकातसुद्धा छापली नसती. पुन्हा वाफ धरली.

"रुमालाने जमायचं नाही," आजी म्हणाली. "थोडा वेळ जाऊ द्या. आपोआप जाते."

"वेळ नाहीये हो!"

खाली शिट्टी झाली. एकेक पोर धबाधब पाण्यात पडू लागलं. वीगरने कॅमेरा उजेडाकडे उंच धरला आणि दुसऱ्या हाताने जीव खाऊन पुसायला लागला, गोल गोल, गोल गोल, डोळे काचेवर. खाली टाळ्या वाजल्या. एकदा, दुसऱ्यांदा, मग बराच वेळ. त्याने खाली पाहिलं तेव्हा लाल स्वेटर भोकाच्या केव्हाच पलीकडे जाऊन दुसऱ्या काठाला लागला होता. फेन्नाची पाठ तेवढी दिसली.

तो उभा राहिला, हात वर केला. ती शिडी चढून आईकडे धावत होती. त्याने हात खाली घेतला. त्याला रडू आलं, आणि शेजारच्या आजीने ते बघितलं याचं त्याहून जास्त वाईट वाटलं.

समारंभ संपल्यावर सगळे खाली उपाहारगृहात जमले. डिप्लोमा मिळाला की बटाट्याच्या फ्राइज आणि मेयॉनीज, हा रिवाज कुणी मोडत नाही. फेन्नाचे केस ओले होते. वीगरने तिला मिठी मारली, पण तिच्या डोळ्यांत बघायचं त्याने टाळलं.

"बघू तुझे फोटो," मरीट त्याला म्हणाली.

"वाफ धरली. एक शिट्टी आलीये."

मरीटने ओठ आवळून हसू दाबलं. रूलोफने आपला छोटा कॅमेरा टेबलावर ठेवला. "माझंही काही खरं नाही बरं का. हे बघ. कान. हा पण कान. भोकातून बाहेर आल्यावर मी इतक्या जवळून काढले, एकात तोंड असेल तर शपथ! ही बया सारखी वर बघतेय. काय बघत होतीस गं?"

"पापाला," फेन्ना तोंडात फ्राइज कोंबत म्हणाली. "पापा हात हलवत होता ना! एकदाच नाही, खूप वेळ. रुमाल घेऊन!"

वीगरने तोंड उघडलं. खरं सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याच्यासाठी कुठल्याच मासिकात तुलना नव्हती.

तेवढ्यात रूलोफने कॅमेऱ्यावर पुढचा फोटो आणला. छोट्या कॅमेऱ्यात काय, सगळंच मावतं. पुढे फेन्नाचा ओला कान, मागे पाणी, आणि वर कोपऱ्यात गॅलरी. रूलोफने बटण दाबून कोपरा मोठा केला. निळ्या कोटातला एक माणूस मान वर करून, डोळे बारीक करून, पोरीकडे सोडून भलतीकडेच बघत काच पुसत होता. रूलोफने तो फोटो पाहिला. मग वीगरकडे पाहिलं. वीगरने मान खाली घातली.

"मलाही दाखव!" फेन्ना टेबलावर चढायला लागली.

"काय दाखवायचंय त्यात, कानच आहे," रूलोफ म्हणाला, आणि त्याने कॅमेरा बंद करून खिशात टाकला. "पण हो. हलवत होता खरा. मीसुद्धा बघितलं."

मरीटने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मेयॉनीजची वाटी पुढे सरकवली.

"पापा, पुढच्या बी डिप्लोमाला पण तसाच हात हलव हं," फेन्ना म्हणाली. "नुसता वर नको. असा. गोल गोल." तिने फ्राइजच्या तेलाने चकाकणारा पंजा हवेत धरून फिरवून दाखवला. "मग मला लांबूनपण कळतं की तूच आहेस. आत्ता करून दाखव."

टेबलाखाली त्या यंत्राचा पट्टा वीगरच्या पायाला गुंडाळला होता. रूलोफ खिडकीबाहेर बघत होता. वीगरने रिकामा हात डोक्याच्या वर नेला आणि गोल गोल फिरवला.

"हळू नाही," फेन्ना म्हणाली. "मघाशी कसं, जोरात करत होतास."