पहिली पसंती

निकाल लागला तेव्हा इन्शिराहनं गच्चीवरून आनंदाची अशी लांबलचक किलकारी मारली, की इजिप्तमधल्या दमनहूर गावातली ती अख्खी गल्ली तिच्या दारात गोळा झाली. सरबत वाटलं गेलं. तिच्या लेकीला, मयारला, मेडिकलला सहज प्रवेश मिळेल इतके मार्क पडले होते.

"काय डॉक्टरीणबाई!" शेजारच्या फिक्रियाबाईंनी मयारचा गालगुच्चा घेतला. "माझे गुडघे फुकटात बघायचे हं!"

सगळे गेल्यावर मयार आईशेजारी येऊन बसली.

"आई, पहिली पसंती मी आर्किटेक्चरला देणारेय. प्रवेश परीक्षाही पास झालेय."

जवळच्या रशीद शहरातली जुनी घरं, त्यांचे लाकडी सज्जे पोरगी तासन्‌तास कागदावर काढत बसायची. इन्शिराहला ती नुसती हौस वाटायची.

"एवढे मार्क मातीत घालणार? लोक काय म्हणतील?"

"मार्क माझे आहेत ना?"

"आणि तुझे बाबा?" इन्शिराहचा आवाज चढला. "इस्पितळाच्या बाकावर डॉक्टरची वाट बघत गेले ते. घरात एक जरी डॉक्टर असता…"

पुढं बोलायची गरजच पडली नाही. बाबांचं नाव निघालं की मयार गप्प होते, हे इन्शिराहला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर तिनं ते काढलं होतं.

मयारनं लॅपटॉप उघडला आणि प्रवेशाच्या अर्जात पहिल्या पसंतीला मेडिकल टाकलं.

"नीट वाच, आई. नंतर काही म्हणू नकोस."

इन्शिराहनं वाचलं. पोरीनं बटण दाबलं. चित्रांचं सामान तिनं त्याच आठवड्यात फिक्रियाबाईंच्या नातीला देऊन टाकलं. भांडली नाही, रडली नाही. ते बघून इन्शिराहला हायसं वाटलं.

मयार अलेक्झांड्रियाला शिकायला गेली. आधी शुक्रवारच्या सुट्टीसाठी दर गुरुवारी घरी यायची, मग महिन्यातून एकदा, मग परीक्षा आहे म्हणून सणालाही आली नाही. शेवटी इन्शिराहच द्राक्षाच्या पानांत भात भरून, डबा घेऊन हॉस्टेलवर पोचली. पोरगी वाळली होती. ती हसून भेटली, पाहुण्यांना भेटावं तशी.

"खूश आहेस ना गं?"

"पास होतेय आई."

"तसं नाही विचारलं मी."

मयारनं डबा हातात घेतला. झाकणावरून बोट फिरवलं.

"डॉक्टर होईन मी. तुला हवं ते सगळं करीन. फक्त खूश आहेस का, एवढं विचारत जाऊ नकोस. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

इन्शिराहला म्हणायचं होतं, सोड हे, चल, अजून वेळ गेलेली नाही. पण ती वेळ आपणच घालवली, हे तिला कळत होतं. "पानं गरम करून खा," एवढंच ती बोलली.

परतीच्या गाडीत शेजारच्या बाईनं सहज विचारलं, "मुलगी काय करते तुमची?"

"डॉक्टर होतेय," इन्शिराह म्हणाली.

"नशीबवान आहात हो!"

इन्शिराहनं मान हलवली आणि तोंडावर ओढणी दाबून खिडकीकडे वळली.