दोघं आत, एक बाहेर

पक्ष्यांचे फोटो काढताना आत दडून बसायचं लपण सरस्वतीने नवऱ्यासाठी, भीमरावांसाठी, १९९७ साली शिवलं. उल्हासनगरच्या बाजारातलं जाड हिरवं कापड, फेरीवाल्याच्या मोठ्या छत्रीच्या काड्या, पुढे लेन्सपुरतं भोक. मिटलं की खांद्याला अडकवता यायचं. बुवापाड्यातल्या शेजाऱ्यांना वाटायचं, भीमराव रविवारी मासे धरायला जातात.

पक्ष्याला मोजता येत नाही, यावर सगळं चालायचं. दोघांनी मिळून लपणात शिरायचं. थोड्या वेळाने सरस्वतीने एकटीने बाहेर पडायचं, पक्ष्याला दिसेल असं, मोठ्याने बोलत: "बसा आता गुडघे मोडून! तीनला येते. डबा संपवा." माणूस गेला असं समजून पक्षी घरट्याकडे यायचा. मागे वळून पाहायचं नाही, हा भीमरावांचा नियम. दहा वर्षं तिने तो पाळला. पिल्लांना भरवणारा पक्षी तिने फक्त फोटोत पाहिला.

"तिबोटी खंड्या मिळाला की भिंतीवर लावू," ती म्हणायची. तेवढा एक राहिला होता.

२००८च्या जुलैत बारवी धरणाकडच्या एका ओढ्याच्या दरडीत त्याचं बीळ सापडलं. सरस्वती मार्चमध्येच वारली होती. मुलगी अस्मिता म्हणाली, "पप्पा, मी येऊ?" भीमराव म्हणाले, "तुला ऑफिस आहे."

ओढ्याजवळच्या पाड्यावर ओळखीच्या नवसीच्या अंगणात त्यांनी नेहमीप्रमाणे स्कूटर लावली.

"बाय कुठं? भांडून आलास जनू!"

"नाही आली आज."

साडेसातला ते लपणात बसले. पावणेआठला खंड्या आला. चोचीत पाल. मुळीवर बसून मान वरखाली करत त्याने लपणाकडे पाहिलं आणि उडून गेला. परत आला, परत गेला. बिळातून पिल्लांचा आवाज येत होता. नऊला तो मोठा होता, दहाला बारीक झाला. भीमराव दर वेळी म्हणत, आणखी पाच मिनिटं. आत एक जण शिरलेला पक्ष्याने पाहिला होता, बाहेर पडलेलं कोणी नव्हतं. हे त्यांना पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं.

सव्वादहाला आवाज थांबला. त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला, लपण तसंच ठेवलं आणि बाहेर पडले. जाताना मोठ्याने बोलायचं होतं. काय बोलावं, सुचलं नाही.

वळणावर त्यांनी मागे पाहिलं. एक निळा ठिपका सरळ बिळात शिरला. क्षणभराने पिल्लांचा कल्ला ऐकू आला. फोटोसाठी अंतर फार होतं.

नवसी अंगणात तांदूळ पाखडत होती. "भेटला फोटू?"

"नाही."

"बाय पायजे व्हती."

"ती मार्चमध्ये वारली, नवसी."

सूप थांबलं. ते बाजूला ठेवून ती म्हणाली, "सकालीच सांगाचा ना. मी आले असते तुझ्यासंगं, न् निघून गेले असते. त्याला काय लागतंय?"

भीमरावांनी तिथेच बसून डबा संपवला. तीन वाजता ते लपण मिटायला गेले.