तीन ठोके

मी एक जुनी काशाची घंटा आहे, मित्रांनो, आणि फोटोत मी फार छान येते म्हणे. दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात आमचं बाजाराचं गाव आहे. तिथल्या चौकातल्या मनोऱ्यात मला टांगलं, तेव्हा मला ओतणारा कारागीर खालच्या गल्लीपर्यंत उतरून माझा आवाज ऐकून आला होता. मला त्याचा केवढा तोरा!

बाजार उघडला की एक ठोका, मिटला की दोन. तीन ठोके फक्त नदी चढली तरच. ते ऐकले की खालच्या गल्लीने हातातलं काम टाकून वर पळायचं, असा शिरस्ता होता. दोरी घंटेवाल्या मावशीच्या हातात असे. तिचा धाकटा भाऊ रंगारी, खालच्याच गल्लीत राहायचा.

पुढे जुना बाजार बघायला पाहुणे येऊ लागले. व्यापाऱ्यांनी दोरी लांबवून चौकात सोडली आणि पाहुण्यांना तीन ठोके मारायला लावले. एकात म्हणे मजा नव्हती.

“तीन नका हो देऊ, ती पाण्याची खूण आहे,” मावशी विनवायची.

“ताई, नदी चढून वीस वर्षं झाली,” भाऊच म्हणाला. “पाहुणे आले की माझी कापडं खपतात. वाजू दे की.”

मलाही ते कौतुक आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी वरच्या अंगाला ढगफुटी झाली. मनोऱ्यावरून मावशीला लोंढा दिसला. तिने तीन ठोके दिले, पुन्हा तीन, पुन्हा तीन. तळहात सोलून निघाले, पण खाली कुणी मानसुद्धा वर केली नाही. शेवटी दोरी टाकून ती ओरडत उतारावर धावली. गल्ली वाचली. भाऊ तेवढा घरी नव्हता. त्याची बायको नंतर म्हणाली, घंटा ऐकून तो उठला होता. “आज पाहुणे बरेच दिसतायत,” म्हणाला, “एवढी कापडं नदीवर धुऊन आणतो.”

आता दोरी वर बांधलेली असते. तरी परवा एक पाहुणा जिना चढून आला आणि त्याने गंमत म्हणून तीन ठोके दिलेच. खालच्या बायका पोरांना काखोटीला मारून वर धावत आल्या. मावशी मात्र त्यांच्यामधून वाट काढत खाली नदीकडे धावत सुटली. चौघींनी धरून तिला परत आणलं.

आमच्या गावी जरूर या, मित्रांनो. मला डोळे भरून बघा, पण दोरीला हात लावू नका. माझा आवाज ऐकायचाच असेल, तर सकाळी बाजार उघडताना या. तेव्हा एकच ठोका असतो, आणि तो अजून मावशीच देते.