आडव्या ओळीचे सर

धैर्यशील सरांचा फोटो राजारामपुरीच्या कोपऱ्यावर एवढा मोठा लावलाय, की त्याच्या सावलीला वडापावच्या दोन गाड्या आरामात उभ्या राहतात. त्या फोटोचा जगाला झालेला उपयोग तेवढाच, असं संघप्रियाचं स्पष्ट मत होतं. अकरावीत क्लास लावला तेव्हा असं नव्हतं बरं का. पण मग सर ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवायला लागले.

सरांचा एक शॉर्टकट होता. कार्बनच्या साखळीला नाव द्यायचं तर आधी सगळ्यात लांब साखळी शोधायची, मग ती कागदावर कशीही वाकडीतिकडी वळलेली असेना का. पुस्तकात तसं सरळ छापलंय. सर म्हणायचे, वळणात कशाला शिरताय, आडवी ओळ मोजा आणि मोकळे व्हा. पोरंही बिलंदर. सरांच्या पेपरात सरांचं, बोर्डाच्या पेपरात पुस्तकाचं, असा रिवाजच पडून गेला होता. संघप्रियाची जिवाभावाची मैत्रीण अनुजा तर आधी बरोबर उत्तर लिहायची आणि सर आठवले की खोडायची. गाढवाला वाईट वाटू नये म्हणून आपणच कडबा चावायचा, त्यातली गत.

संघप्रियानं खोडलं नाही. चाचणीत आकृती आली होती: आडव्या ओळीत पाच कार्बन आणि चौथ्याच्या खाली आणखी दोन लोंबकळणारे. त्या खालच्या दोघांपासून मोजत वर आलं आणि डावीकडं वळलं, की झाले सहा. तिनं लिहिलं, ३-मिथिलहेक्झेन. सरांचं उत्तर, २-इथिलपेंटेन. बरोबरचे चार गेले, चुकीचा एक कापला, आणि एकूण राहिले एकशे सत्त्याण्णव. स्टार बॅचला दोनशे लागत.

त्या बॅचचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. तिला हवी होती क्लासची अभ्यासिका, आणि तिथं फक्त स्टार बॅचला प्रवेश. हुपरीला घर म्हणजे एक खोली. त्यात तिची आई आक्काताई आणि तीन शेजारणी सकाळपासून पैंजणांच्या कड्या जोडत बसायच्या. ठोकाठोकी, फुंकणी, वर शेजारणींच्या सुनांची उणीदुणी. शेजारणींपैकी कुणी उठलं, तरच संघप्रियाला पुस्तक उघडण्यापुरती जागा व्हायची.

म्हणून ती सरांकडं गेली. सरांनी मोबाईलमधून मान वर केली नाही. वीस वर्षं ह्याच नोट्स चालतात म्हणाले. तिनं पुस्तकाचं पान पुढं केलं, तर म्हणाले, पुस्तकं तरी कोण लिहितं, माझ्यासारखीच माणसं की. हे ऐकून संघप्रियाला पहिल्यांदाच पुस्तकांची काळजी वाटली.

घरी येऊन तिनं वही आपटली. आक्काताईला कार्बन म्हणजे झेरॉक्सच्या आधीचा निळा कागद, एवढंच ठाऊक. तिनं आकृती बघितली, लेकीचं गाऱ्हाणं ऐकलं आणि हातातलं काम न थांबवता म्हणाली, "पाटावर पडलेली साखळी कोण मोजतं व्हय? टोकाला धरायची, लोंबती सोडायची, मग मोजायची. तुझ्या सरांला आमच्यात कामाला बी घेणार न्हाईत."

दुसऱ्या दिवशी संघप्रियाच्या दप्तरात तांब्याच्या सात कड्या होत्या. नवशिक्या बायकांना हात बसायला देतात, तसल्या. आकृतीत होत्या तशाच एकमेकींत अडकवलेल्या: ओळीत पाच, चौथीला खाली दोन.

शंका विचारायच्या वेळेला ती उठून थेट सरांच्या टेबलाशी गेली आणि साखळी मांडली. सरांना मोजायला सांगितलं. सरांनी वर्गाकडं बघून डोळा मिचकावला आणि बोट ठेवत मोजलं. पाच. पुढची बाकं हसली. मोठ्या माणसाचा विनोद कळला नाही तरी हसायचं, ह्याचा त्या बाकांना चांगला सराव होता.

मग संघप्रियानं त्या लोंबकळणाऱ्या दोघींपैकी शेवटची कडी चिमटीत धरली आणि साखळी उचलली. आडवी ओळ एका झटक्यात मोडली. कड्या सरसरत एकीखाली एक उभ्या राहिल्या आणि मघाची पाचवी कडी बाजूला एकटीच लटकली.

"आता मोजा की सर."

सर मोजेनात. शेवटी मागून अनुजाचा आवाज आला. एक, दोन, तीन करत ती सहावर थांबली आणि म्हणाली, "सर, मीबी आधी हेच लिहिलंतं."

मग बांध फुटला. अर्ध्या वर्गानं आधी हेच लिहिलं होतं म्हणे. काल ही मंडळी कुठं गेली होती कोण जाणे.

सरांनी घाम टिपला आणि छपाईची चूक झाल्याचं जाहीर केलं. वीस वर्षं तीच चूक छापत बसलेल्या त्या बिचाऱ्या छापखान्याची संघप्रियाला दया आली. पण गुण आले. दोनशे दोन. चूक कबूल न करताही गुण देता येतात, हे कौशल्य मात्र सरांकडून शिकण्यासारखं होतं.

सोमवारी ती अभ्यासिकेत खिडकीजवळच्या टेबलावर पुस्तक उघडून बसली. इतकी शांतता होती, की पहिली दहा मिनिटं तिला वाचताच येईना. मग स्टार बॅचचा तास सुरू झाला, तशी ती वर्गात तिसऱ्या बाकावर येऊन बसली. सरांनी फळ्यावर नवी साखळी काढली, चांगली दोन ठिकाणी वळलेली. खडू उचलला, आडव्या ओळीवर टेकवला. आणि मोजायच्या आधी हळूच मागं वळून तिसऱ्या बाकाकडं बघितलं.

संघप्रियानं दप्तरातून कड्या काढल्या आणि बाकावर ठेवल्या.